विषयाला धरून बोल

आमच्या नगर जिल्ह्यात (कागदोपत्री अहिल्यानगर, पण एसटीच्या रांगेत अजून सगळे नगरच म्हणतात) उसाचा गळीत हंगाम आणि शालेय वक्तृत्व स्पर्धांचा हंगाम साधारण एकाच वेळी चालतो. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १२ जानेवारीला जिजाऊंची, मग गॅदरिंग, मग ८ मार्च. या दोन महिन्यांत ‘स्त्री-पुरुष समानता : काळाची गरज’ या विषयावर किंवा त्याच्या चुलत भावंडांवर जिल्ह्याच्या १४ तालुक्यांतल्या माध्यमिक शाळांमधून किती भाषणं होत असतील, याचा अंदाजच केलेला बरा. एवढ्या भाषणांचा जर काही उपयोग होत असता तर आत्तापर्यंत आमचा जिल्हा स्वीडनच्या पुढे गेला असता.

माझं म्हणणं सरळ आहे. या स्पर्धा मुलामुलींना समानतेवर बोलायला शिकवत नाहीत. समानतेवर सात मिनिटं बोलून काहीच न बोलण्याचं शिक्षण त्या देतात, आणि ते शिक्षण फार उत्तम दर्जाचं असतं. आमच्या शाळांमधलं दुसरं कुठलंच शिक्षण इतक्या खात्रीने पोचत नाही.

हे भाषण कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. निदान ऐकलेलं आहे. सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग, सुज्ञ परीक्षक आणि माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो. एक दीर्घ श्वास. मग नारीची पूजा होते तिथे देवता रमतात असं सांगणारा तो संस्कृत श्लोक. मग चूल आणि मूल. मग पाळण्याची दोरी. मग यादी : जिजाऊ, अहिल्यादेवी, झाशीची राणी, सावित्रीबाई, इंदिरा गांधी, कल्पना चावला, सुनीता विल्यम्स, मेरी कोम. मग ‘आज असं एकही क्षेत्र नाही’. मग आवाज चढवून एक चारोळी, आणि जय हिंद, जय महाराष्ट्र.

यादी नीट बघा. बहुतेक बायका एकतर सिंहासनावर आहेत किंवा अंतराळयानात. या दोहोंच्या मधे कुणी बाई राहतच नाही. कांद्याच्या चाळीत निवड करायला बसलेली बाई नाही, अंगणवाडीची मदतनीस नाही, डेअरीवर पहाटे दूध घालायला येणारी नाही, जिच्या नावावर गोठ्यातली एकही म्हैस नाही. भाषण देणाऱ्या मुलीची आई तर नाहीच नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री मिळाली तेव्हापासून त्या मात्र यादीत यायला लागल्या आहेत, हे चांगलं झालं. पण त्याही ‘बीजमाता’ म्हणून येतात. माता झाल्याशिवाय यादीत प्रवेश नाही.

आणि तो श्लोक. तो मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातला आहे. ज्या ग्रंथाने बाईला बापाच्या, नवऱ्याच्या आणि मुलाच्या ताब्यात आयुष्यभर ठेवायला सांगितलं, त्याच ग्रंथातला. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या उपस्थितीत ज्याचं दहन झालं, त्याच ग्रंथातला. डिसेंबर-जानेवारीत दहा दिवसांच्या अंतराने हे दोन्ही दिनविशेष फळ्यावर लिहिले जातात आणि कुणाला काही खटकत नाही. पूजा करणं आणि हक्क देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, किंबहुना पहिली गोष्ट बऱ्याचदा दुसरी टाळण्यासाठीच केली जाते, हे नववीतल्या मुलीला कळत नाही असं समजू नका. तिला घरी ते रोज दिसतं. तिला ते बोलायला परवानगी नाही, एवढंच.

परवानगी नाही म्हणजे कशी, ते सांगते. मी नववीत असताना तालुक्याच्या स्पर्धेसाठी माझं भाषण तयार झालं. बहुतेक मजकूर सरांनी दिलेला, थोडा माझा. माझ्या भागात एक वाक्य होतं : आपल्या शाळेत मुलींच्या संडासाच्या दाराला कडी नाही, त्यामुळे दोघीदोघींनी जावं लागतं, एकीने दार धरायचं. सरांनी लाल पेनाने ते वाक्य खोडलं आणि म्हणाले, ‘विषयाला धरून बोल.’ ते वाईट नव्हते. त्यांनी मला उच्चार शिकवले, श्वास कुठे घ्यायचा ते शिकवलं, आणि माझ्या दोन मैत्रिणींच्या वडिलांना समजावून त्यांचं अकरावीचं नाव घालायला लावलं. म्हणूनच ते खोडणं मला महत्त्वाचं वाटतं. चांगल्या माणसालासुद्धा प्रामाणिकपणे असं वाटत होतं की समानता हा विषय आहे आणि कडी हा विषय नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे एक जुनं दुखणं असतं : कोड लिहिला, त्याच्या चाचण्या लिहिल्या, सगळ्या चाचण्या हिरव्या. सगळे खूश. मग कुणीतरी उघडून बघतं तर चाचण्या काही तपासतच नाहीयेत. फंक्शन हाक मारल्यावर ओ देतं की नाही एवढंच बघतायत. ते बरोबर उत्तर देतं का, हे कुणी विचारलेलंच नाही. वक्तृत्व स्पर्धेची गुणपत्रिका मला अशी दिसते. पाठांतर, उच्चार, हावभाव, आवाजातले चढउतार, सभाधीटपणा, वेळेचं भान. कुठे कुठे ‘विषयाची मांडणी’ असा एक रकाना असतो, पण मांडणी म्हणजे क्रम; खरं-खोटं नव्हे. मुलीने सांगितलेली एखादी गोष्ट खरी आहे का, ती तिने स्वतः कुठे बघितली, तिच्या म्हणण्याला विरोध कोण करेल, यातल्या कशालाही गुण नाहीत. मग जे तपासलं जात नाही ते मुलांनी का आणावं? मुलं हुशार असतात. ती परीक्षा बघून अभ्यास करतात.

व्यासपीठाकडेही एकदा बघायला हरकत नाही. पाहुण्यांना ओवाळायला आणि कुंकू लावायला नववारीतल्या मुली. गुलाबाची फुलं धरलेलं तबक मुलीच्या हातात. खुर्च्यांवर संस्थेचे पदाधिकारी, मुख्याध्यापक, आणि गावच्या सरपंचबाईंचे यजमान. ग्रामपंचायतीत बायकांना निम्म्या जागा २०११ पासून आहेत, पण निमंत्रण अजून यजमानांनाच जातं आणि सूत्रसंचालक त्यांचा उल्लेख बिनदिक्कत ‘सरपंच’ म्हणून करतो. बाई आल्याच तर मागच्या रांगेत बसतात. समोर माइकवर मुलगी सांगत असते की आज असं एकही क्षेत्र नाही.

हे सगळं कुठे चाललंय? तर नगरला. मला या गोष्टीचा खरा राग येतो. या शहराचा मुलींच्या बोलण्याशी जो संबंध आहे तो महाराष्ट्रात फार थोड्या शहरांचा असेल. सिंथिया फॅरार ही अमेरिकन बाई १८२७ साली एकटी, अविवाहित, मुंबईला आली आणि १८३९ पासून नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिली. १८६२ साली ती इथेच वारली. तिची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि पुण्यात परतल्यावर १८४८ साली स्वतःची काढली, ही चरित्रांतली प्रसिद्ध गोष्ट आहे. सावित्रीबाईंचं अध्यापनाचं प्रशिक्षण फॅरारबाईंकडे झाल्याचंही चरित्रकार सांगतात. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली नगरलाच सुरू झालं. त्याच ‘ज्ञानोदया’त १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता नावाच्या मांग समाजातल्या मुलीचा निबंध छापून आला. मुलगी साधारण चौदा वर्षांची. म्हणजे आजची नववी.

मुक्ता साळवेचा तो निबंध प्रत्येक परीक्षकाने एकदा वाचावा, कारण त्यात आजच्या गुणपत्रिकेवर नापास होण्याचे सगळे गुण आहेत. ती कुणा राणीचं नाव घेत नाही. ती आपल्या लोकांबद्दल बोलते, मांग-महारांबद्दल. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कुठला, असा रोखठोक प्रश्न ती विचारते. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसतं, ऊनपावसात त्यांचं काय होत असेल, हे ती लिहिते. कडीबद्दल लिहिणारी मुलगी आहे ती. तिच्या गुरुजींच्या हातातही पेन असेलच. त्यांनी ते वाक्य खोडलं नाही. १७० वर्षांपूर्वी.

आता त्याच सावित्रीबाईंच्या जयंतीला मुली सावित्रीबाईंचा वेश करून येतात, कपाळावर आडवी चिरी लावतात, अंगावर शेण कसं फेकलं जायचं ते अभिनयासह सांगतात. शेण कोण फेकत होतं हे मात्र कर्मणी प्रयोगात राहतं. शेण फेकलं गेलं. दगड मारले गेले. मारणाऱ्यांना नातवंडं झालीच नसावीत.

अहिल्यादेवींचंही हेच. त्यांचा जन्म १७२५ सालचा, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. २०२५ मध्ये त्रिशताब्दी झाली, मंत्रिमंडळाची बैठक चौंडीत भरली, जिल्ह्याला त्यांचं नाव त्याआधीच मिळालं होतं. भाषणांमधून येतात ती मंदिरं, घाट आणि धर्मशाळा. पण त्यांच्या चरित्रातली माझ्या मते सगळ्यात स्फोटक गोष्ट अशी की त्या विधवा होत्या. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव गेले, सासऱ्यांनी त्यांना सती जाऊ दिलं नाही, आणि १७६७ पासून १७९५ पर्यंत २८ वर्षं एका विधवेने राज्य केलं. हळदीकुंकवाला विधवेला बोलवायचं की नाही हा प्रश्न ज्या गावांत अजून दर संक्रांतीला पडतो, त्या गावांच्या जिल्ह्याला एका विधवेचं नाव आहे. यावर सात मिनिटं बोला ना. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत केला आणि त्याच महिन्यात शासनाने सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगणारं परिपत्रक काढलं. आपल्या गावाने तो ठराव केला का? केला असेल तर यंदाच्या हळदीकुंकवाला काय झालं? मुलीला चालत जाऊन पाच घरांत विचारता येईल. भाषण तयार.

जाता जाता एक गंमत. नगरजवळच्या डोंगरावर जी तीन मजली अष्टकोनी वास्तू दिसते तिला सगळे चांदबीबीचा महाल म्हणतात. आमच्या सहली तिथेच जायच्या. प्रत्यक्षात ती सलाबतखान या निजामशाही सरदाराची कबर आहे. पुरुषाची मालमत्ता बाईच्या नावावर चढल्याचं जिल्ह्यातलं हे बहुधा सगळ्यात ठळक उदाहरण.

कारण बाकी ठिकाणी ती चढत नाही, आणि चढली तरी टिकत नाही. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली (तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींपुरती), केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्या मुलींसाठी केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की त्या तारखेला बाप जिवंत असण्याचीही अट नाही. कायदा इतका पुढे आहे. आता गावात काय होतं ते बघा. वडील वारतात. तलाठ्याकडे वारसनोंद होते, फेरफार निघतो, सातबाऱ्यावर भावांबरोबर बहिणींची नावं येतात. काही महिन्यांनी बहिणींना तालुक्याला बोलावलं जातं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्र होतं, अंगठा-फोटो होतो, बाहेर रसवंतीत सगळे ऊसाचा रस पितात, बहिणींना साडी मिळते आणि माहेर शाबूत राहतं. कुणी दमदाटी केलेली नसते. तशी गरजही पडत नाही. ‘तू कशाला नाव ठेवतेस, उद्या तुझी पोरं येतील वाटा मागायला’ एवढं एक वाक्य पुरतं. जी बहीण सही करत नाही तिला दिवाळीचं बोलावणं येत नाही.

हे माहीत नसलेली एकही मुलगी जिल्ह्यात नसेल. आत्याने सही केलेली तिने बघितलेली असते. कदाचित त्या दिवशी शाळा बुडवून ती रसही प्यायलेली असते. देशातल्या शेतीच्या वहिवाटदारांमध्ये बायका सुमारे १४ टक्के आहेत, असं २०१५-१६ ची कृषिगणना सांगते. आणि आपल्या गावातला आकडा? तो कुणी शोधून काढायचा? महाभूलेख संकेतस्थळावर सातबारा मोबाइलवर बघता येतो. नववीच्या वर्गातल्या पन्नास मुलामुलींनी आपापल्या घरचा सातबारा बघितला आणि आईचं नाव आहे की नाही एवढं कागदावर लिहून आणलं, तर एका तासात वर्गाकडे असा पुरावा तयार होईल जो कुठल्याही पाहुण्याच्या भाषणापेक्षा जड असेल. हा गृहपाठ कुठलीही शाळा का देत नाही? कारण दुसऱ्या दिवशी पालक दारात येतील. म्हणजे तो विषय खरा आहे.

याहून अवघड प्रकरणंही आहेत, आणि ती टाळून या जिल्ह्यात समानतेवर बोलता येतं असं मला वाटत नाही. जामखेड तालुक्यात, चौंडी ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यात, खर्ड्याला २८ एप्रिल २०१४ रोजी अकरावीतल्या एका दलित मुलाचा खून झाला. वरच्या मानल्या गेलेल्या जातीतल्या मुलीशी तो बोलतो, हा संशय. मारहाण शाळेपासून सुरू झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार उलटले होते. त्याच महिन्यात, त्याच जिल्हा न्यायालयात, कोपर्डीच्या खटल्याचा निकाल लागला. १३ जुलै २०१६ ला कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत नववीतल्या मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला होता. तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. कोपर्डीनंतर राज्यभर मराठा समाजाचे लाखोंचे मूक मोर्चे निघाले. त्या मोर्च्यांचं एक वैशिष्ट्य सगळ्यांनी वाखाणलं : पुढारी मागे, आणि व्यासपीठावर तरुण मुली. त्यांनीच भाषणं केली, त्यांनीच जिल्हाधिकाऱ्यांना निवेदनं दिली. काय सफाईदार भाषणं होती ती! शाळांनी केलेली तयारी कामाला आली होती. पण निवेदनात कोपर्डीच्या न्यायाबरोबर आरक्षण होतं आणि ॲट्रॉसिटी कायद्यातल्या बदलाची मागणी होती. त्या मागण्या ठरवायला बसलेल्या बैठकांमध्ये या मुली किती होत्या? मुलीने कुणाशी बोलावं, कुणाशी लग्न करावं हे तिने ठरवावं, अशी मागणी एखाद्या निवेदनात घालू का, असं त्यांना कुणी विचारलं होतं का? खर्ड्याच्या प्रकरणातही एक मुलगी होतीच. तिला काय म्हणायचं होतं, हे आजतागायत सार्वजनिकरीत्या कुणी ऐकलेलं नाही. दोन्ही प्रकरणांत मुलगी ही इज्जत होती. एकीकडे इज्जत जाईल म्हणून मुलगा मारला गेला, दुसरीकडे इज्जत गेली म्हणून गर्दी जमली. कोपर्डीच्या मुलीसाठी लोक रस्त्यावर आले ते योग्यच झालं. माझा प्रश्न मुलीच्या हातातल्या माइकबद्दल आहे. तो तिच्या हातात असतो. मजकूर दुसऱ्याचा असतो. ही सवय आपण शाळेत लावतो.

शनिशिंगणापूरची गोष्ट तर अजून ताजी आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक बाई चौथऱ्यावर चढली म्हणून शुद्धीकरण झालं, २६ जानेवारी २०१६ ला निघालेल्या बायकांना सुप्यालाच अडवलं, १ एप्रिलला विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की प्रवेश हा बायकांचा मूलभूत हक्क आहे, आणि ८ एप्रिलच्या गुढीपाडव्याला देवस्थानाने चौथरा सगळ्यांना खुला केला. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते. आमच्या हॉस्टेलवर पेढे वाटले. संध्याकाळी सातला मुलींच्या हॉस्टेलचं गेट नेहमीप्रमाणे बंद झालं. मुलांचं दहाला व्हायचं. शनीपर्यंत जाता येत होतं, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानापर्यंत नाही.

यावर मला मिळणारं उत्तर ठरलेलं आहे : अगं, लहान मुलं आहेत ती, त्यांच्यावर एवढं ओझं कशाला? लहान? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या पट्ट्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांमध्ये ते लवकर होण्याला हिशेबी कारण आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते. एकट्या मुलाचा अर्धा कोयता. त्यामुळे हंगामाच्या तोंडावर लग्न उरकतं आणि पंधरा-सोळा वर्षांची मुलगी फडात जाते. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याचा विषय २०१९ मध्ये गाजला, शासनाने समिती नेमली, पाहणीत तेरा हजारांहून अधिक बायकांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. तो ऊस ज्या कारखान्यांवर येतो त्यांच्या आवारातल्या शाळांतही समानतेवर स्पर्धा होतात. लग्नासाठी जी मुलगी मोठी आहे, कोयत्यासाठी जी मोठी आहे, ती फक्त खरं बोलण्यासाठी लहान कशी?

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे आणि त्याला बगल देणं बरोबर नाही. ते असं : या स्पर्धांमुळे निदान मुलगी उभी राहते. चारशे लोकांसमोर माइकवर आवाज काढते. गावात तिला दुसरीकडे कुठे एवढं मोठ्याने बोलता येतं? हे शंभर टक्के खरं आहे. पुण्यात पहिल्या मुलाखतीत समोर पाच माणसं बसलेली असताना माझा आवाज फुटला तो त्या लाकडी डायसवरच्या सवयीमुळे. शहरातल्या कित्येक मित्रमैत्रिणींना हे स्पर्धा प्रकरण गावंढळ वाटतं, बंदच करा म्हणतात. मी नाही म्हणणार. घरात ‘हळू बोल’, रस्त्यावर ‘खाली बघून चाल’, आणि वर्षातून एकदा सात मिनिटं ‘मोठ्याने बोल’ असं सांगणारी ही एकमेव जागा आहे. इतकी दुर्मिळ जागा आहे म्हणूनच ती पाळण्याच्या दोरीवर वाया घालवणं हा गुन्हा आहे. धीटपणा आणि मजकूर एकमेकांच्या आड येत नाहीत. मुक्ता साळवेला दोन्ही जमलं.

तर स्पर्धा ठेवा, तीन गोष्टी बदला.

विषय बदला. ‘काळाची गरज’ हा शब्दप्रयोग दहा वर्षं बंद ठेवावा. विषय असे द्या की ज्यांचं उत्तर इंटरनेटवरून उतरवता येणार नाही. आमच्या घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं. माझ्या आईच्या नावावर काय आहे. ताईची शाळा कुठल्या वर्षी आणि का सुटली. आमच्या गावच्या महिला ग्रामसभेत मागच्या वेळी काय झालं. (कायद्याने ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. ती खरोखर होते की रजिस्टरवर होते, हे आठवीतली मुलगीसुद्धा शोधून काढेल.) आणि हे विषय मुलग्यांना आधी द्या. आत्ता समानतेवर मुली बोलतात आणि मुलगे ‘महासत्ता भारत’वर. मुलग्याने स्वतःचं ताट कोण उचलतं यावर सात मिनिटं बोलून दाखवावं. पाठांतर लागणार नाही.

गुणपत्रिका बदला. पन्नासातले वीस गुण स्वतः बघितलेल्या, विचारलेल्या, मोजलेल्या गोष्टीला. दहा गुण भाषणानंतरच्या दोन प्रश्नांना. परीक्षकाने विचारायचं, मुलीने उत्तर द्यायचं. सरांनी खुणा करायच्या नाहीत. हावभावांना शून्य. चारोळी म्हटली तर दोन वजा.

आणि भाषण कुणाला तरी लागू द्या. मुलीने शाळेबद्दल काही म्हटलं असेल तर मुख्याध्यापकांनी महिन्याच्या आत लेखी उत्तर द्यायचं आणि ते परिपाठाला वाचायचं. ग्रामपंचायतीबद्दल म्हटलं असेल तर ते भाषण महिला ग्रामसभेत पुन्हा करायचं, इतिवृत्तात नोंद करायची. बालविवाहाबद्दल म्हटलं असेल तर ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, आणि ते बहुधा पाहुण्यांच्या खुर्चीवरच बसलेले असतात. त्यांना तिथेच, माइकवर विचारायचं की यंदा किती लग्नं थांबवली. शिल्डपेक्षा स्वस्त पडेल.

कडीचंच घ्या. एक कडी आणि चार स्क्रू, फार तर शंभर रुपयांचं काम. मी दहावी पास होऊन बाहेर पडले तोपर्यंत ती बसलेली नव्हती. त्या वर्षी मला जो शिल्ड मिळाला त्याची किंमत नक्कीच जास्त होती.

ज्या शाळांना हे सगळं जड जाईल, पालक दारात येतील, संस्थेचे लोक नाराज होतील, त्यांनी खुशाल विषय बदलावा. ‘मोबाइल : शाप की वरदान’ मोकळाच आहे.